शिरीषात बसलेला राजू

“याचे डोळे कधी उघडले?” मंगळूने विचारलं.

चैतालीला वाटलं, म्हातारा कौतुक करतोय. हातातली पटाशी खाली ठेवून ती हसली. “आवडले का काका? डोळ्यांनीच फार दमवलं मला. शेवटी एकदाचे जमले.”

मंगळूची नजर शिल्पावरच होती. समोर शिरीषाच्या जाडजूड बुंध्यात त्याचा राजू बसला होता. गुडघे जवळ घेऊन, खांद्यावर टॉवेल टाकून, रस्त्याकडे बघत. नाक्यावर कामाची वाट बघत बसायचा, अगदी तसाच. बारीक मिशी, जरासा पुढे आलेला खालचा ओठ, सगळं जिथल्या तिथे. आता हा ‘बा’ म्हणून हाक मारतो की काय, असं मंगळूला वाटलं.

गेल्या मे महिन्यात नाशकात वादळ झालं, तेव्हा एकाच संध्याकाळी शहरातली जुनी जुनी झाडं आडवी झाली. पेठ नाक्याजवळच्या या शिरीषाखाली तिघे मजूर आडोशाला थांबले होते. दोघे वाचले. राजू वाचला नाही.

पुढे शहरातल्या काही हौशी मंडळींनी मनावर घेतलं की पडलेली झाडं वखारीत जाऊ द्यायची नाहीत. त्यांची शिल्पं करून बागेत मांडायची, म्हणजे लोकांच्या मनात बसलेलं वादळ निघून जाईल. कुणी मोर कोरला, कुणी पोरांना बसायला कासव केलं. चैतालीच्या वाट्याला हा शिरीष आला. ज्या झाडाखाली माणूस गेला त्यात मी मोर कसा कोरू, असं म्हणून तिने राजूच्या जोडीदाराकडून, धनराजकडून, मोबाइलमधला फोटो मिळवला आणि उन्हातान्हात राबून हे काम केलं. आज त्याचं अनावरण होतं. घरच्यांना आणायला गाडी पाठवते म्हणाली होती, पण मंगळू आपला एसटीने आला. राजूची आई बायडाबाई आलीच नाही.

“काका, काही चुकलं का?” चैतालीने विचारलं. म्हाताऱ्याचा चेहरा आता तिला दिसला होता.

“चुकलं नाय ताई. लय ब्येस केलं. पर डोळे कधी केले, त्येवढं सांग.”

“आठ दिवस झाले. गेल्या रविवारी.”

मंगळू तिथेच गवतावर बसला.

मंगळूच्या पाड्यावर अकाली गेलेल्या माणसासाठी शिवेवर सागाचा खांब उभा करतात. वर सूर्य, चंद्र, खाली माणूस. हे खांब मंगळूच कोरतो, त्याचा बापही कोरायचा. सगळं कोरून झालं तरी माणसाचे डोळे मात्र बाकी ठेवायचे. खांब शिवेवर रोवायचा, भगताने मेलेल्याचं नाव घेऊन त्याला बोलवायचं आणि मग डोळे उघडायचे. जिथे डोळे उघडतील तिथे तो येऊन बसतो, मग त्याची भटकंती संपते. राजूचा खांब घरात कोरून तयार होता. भाताची कापणी झाली की उभा करायचा म्हणून गोधडीत गुंडाळून आडवा ठेवला होता. बायडाबाई येता-जाता त्यावरून हात फिरवायची.

“आमचा कुत्रा हाय,” मंगळू सांगू लागला. “नाशिकची गाडी पाड्यावर आली का रोज उठायचा. राजू गेला तरी उठायचाच. दारात कोणी नसायचं, ह्यो आपला शेपूट हालवत उभा. आमी म्हनायचो, पोरगा आला. म्हातारी तांब्याभर पानी ठेवायची. आन आठ दिस झाले, कुत्रा उठतच नाय. म्हातारी रडते. म्हनते, पोरगा आता येत नाय, कुठं गेला त्येला बघा.”

चैताली शहरात वाढलेली, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरीसुद्धा भर दुपारी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण कुणाच्या तरी घरातून माणूस उचलून आणलाय, असं तिला वाटलं. तिने पटकन पटाशी उचलली.

“मी बुजवते काका. आत्ताच्या आत्ता. भुसा आणि डिंक भरला की डोळे मिटल्यासारखे होतील. झोपलाय असं वाटेल. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.”

ती खरंच शिल्पापाशी गेली. डिंकाचा डबा उघडला. मंगळूला हेच हवं होतं. डोळे मिटले की राजू सुटेल, घरच्या खांबावर येऊन बसेल, म्हातारी निवांत होईल. तो नुसता बघत राहिला. तिने बोटावर डिंक घेतला आणि राजूच्या पापणीपाशी नेला, तसा तो धडपडत उठला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

“नको ताई.”

“का?”

“एकदा मिटले मी. सरकारी दवाखान्यात, या हातानं. मिटत नव्हते, दाबून धरावे लागले.” मनगट त्याने सोडलं नव्हतं. “परत नाय मिटवायचे.”

चैतालीने डबा बंद केला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

प्रमुख पाहुणे यायचे तेव्हा आले. नारळ फुटला, फुलं वाहिली गेली, शहर कसं पुन्हा उभं राहिलं यावर भाषण झालं. मंगळूच्या खांद्यावर शाल पडली. मग शाळकरी पोरं राजूच्या गुडघ्यावर चढून फोटो काढू लागली. मंगळूला त्याचा राग आला नाही. राजूला पोरं आवडायची.

“मी जातो,” तो चैतालीला म्हणाला.

“मग आता घरच्या खांबाचं काय काका?”

त्याने शाल घडी करून काखेत घेतली आणि तो चालू लागला. मेलेल्याला बसवून निघालं की मागे वळून बघायचं नाही, हा पाड्याचा नेम. बघितलं तर तो उठून मागोमाग येतो. मंगळूने किती जणांना बसवलं, सख्ख्या भावालाही, पण कधी वळला नव्हता. बागेच्या फाटकाशी मात्र तो थांबला. सावकाश वळला आणि डोळे भरून बघितलं.

“चल राजू,” तो म्हणाला. “आई वाट बघते.”

पेठच्या गाडीला गर्दी होती. मंगळूला बाकडं मिळालं. तो कडेला बसला, खिडकीची जागा मोकळी ठेवली. करंजाळीला जाणारी एक बाई दोन पिशव्या सांभाळत त्याच्यापाशी आली.

“आत सरका ना बाबा.”

मंगळूने पाय आखडून घेतले, पण सरकला नाही.

“खिडकी ऱ्हाऊ द्या बाई,” तो अजिजीने म्हणाला. “पोराला घाटात मळमळतं.”

बाईने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग मंगळूकडे. गाडी हलली. तिने पिशव्या पायाशी ठेवल्या आणि वरची दांडी धरून ती उभीच राहिली.