येल्मरच्या चरातली साय

बस, खुर्ची ओढून घे. तुला येल्मरची गोष्ट सांगतो. माझी लाज आहे तिच्यात, म्हणून मध्ये बोलू नकोस. एकदा थांबलो तर परत सुरू करायचो नाही.

तीस वर्षं मी चर तपासले. आमच्या फ्रीसलंडात जमीन समुद्राच्या पातळीखाली, पाणी वाहून जायला शेताशेताला चर. ज्याचा चर त्यानं नोव्हेंबरच्या आत उपसायचा, मग मी काठी घेऊन हिंडायचो. काठी गाळात घालायची, टणक तळ लागेपर्यंत किती जाते बघायचं आणि वहीत एक शब्द लिहायचा. दोन बोटं गाळ म्हणजे साय. वीतभर म्हणजे थर. त्याच्या वर गेला की गच्च. बाकी लिहिणं मला कधी जमलं नाही, हे तीन शब्द जमायचे. ज्याच्यापुढं ‘गच्च’ लागलं, त्याचं नाव पाणी-मंडळाच्या डिसेंबरातल्या सभेत मोठ्यानं वाचायचे. माणसं वर्षभर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची मग.

येल्मर माझा दोस्त; त्याचा चर म्हणजे आरसा. पण त्याची बायको हिल्ट्ये अंथरुणाला खिळली आणि उपसणं राहिलं. पहिल्या वर्षी काठी वीतभर गेली.

“किती?” तो काठावरून म्हणाला.

“साय आहे.”

“वोब्बे, मला डोळे आहेत.”

“मग मिट. आणि कॉफी टाक.”

मला वाटलं मी दोस्ती निभावली. खरं सांगू? त्याच्या तोंडावर ‘थर’ म्हणायची माझ्यात धमक नव्हती. आणि गाळ असा चढतो की आज-उद्यात काही दिसत नाही. एकदा साय लिहिली, मग पुढच्या वर्षी एकदम थर कसं लिहू? विचारतील, एवढा आला कुठून? चौथ्या वर्षी काठी हातभर आत गेली. मी साय लिहिली.

त्या डिसेंबरात तीन दिवस पाऊस लागला. येल्मरच्या चरातून पाणी पुढं सरकेना, ते मागं वळून टेटच्या खोलगट कुरणात चढलं. टेट त्याची शेजारीण, विधवा बाई, मेंढ्यांवर घर चालायचं. सकाळी मी पोचलो तेव्हा ती कमरेभर पाण्यातून एकेक मेंढी ओढत होती. लोकर भिजून जड, त्यात गाभण. अकरा गेल्या.

“शिंगं नाहीत धरायला,” ती मला म्हणाली. आणि पुढच्या मेंढीकडं वळली.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. प्रमुखानं वही उघडली. “नोव्हेंबरात साय. मग महिन्यात चर तुंबला कसा? वोब्बे?”

मी टोपी हातात फिरवत राहिलो.

मागून येल्मर उठला. “तपासणी झाल्यावर मी तण कापून चरात ढकललं. आळस केला. वोब्बेचा काही दोष नाही.”

टेटनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मी उठलो नाही. पायच उचलेनात, असं मी स्वतःला सांगत आलो. पाय चांगले होते.

बाहेर सायकलींपाशी मी त्याला गाठलं. “कशाला खोटं बोललास?”

“तुझ्याकडं त्या काठीशिवाय आहे काय?” तो म्हणाला. “माझ्या निदान गायी तरी आहेत. त्या तुझ्यापेक्षा बऱ्या बोलतात.”

हसलो आम्ही. मी हसलो, बघ.

त्यानंतर सतरा वर्षं टेट त्याच्याशी बोलली नाही. वाटेत दिसला की सायकलीवरून उतरून पाठ फिरवायची. हिल्ट्ये गेली तेव्हा आली नाही. ह्या वसंतात येल्मर गेला. आमच्यात शवपेटी शेजारी उचलतात, पुढचा मान लागून घर असेल त्याचा. टेटच्या मुलानं निरोप धाडला, आईची परवानगी नाही. ती जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून मला पुढं उभं केलं. मी खांदा दिला. शेजारी म्हणून नव्हे, भला माणूस म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली.

टेट ब्याऐंशीची झाली. मी तिच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आलो; तोंडातून शब्द निघत नाही. कागदावर असेल तर हातात तरी देता येईल. तू शिकलेला आहेस. जसं सांगितलं तसंच लिही, मला सांभाळून घेऊ नकोस. येल्मरनं तण ढकललं नव्हतं, हे सगळ्यात वर लिही. पोचवायला मीच जाईन. तू फक्त आत्ता, मी समोर बसलोय तोवर, लिहून दे.