केळीला गुंडाळलेलं शीड

वारा पोटात घेऊन पळायचं, एवढंच मला ठाऊक होतं, मित्रांनो. मी आखातातल्या अल रुवैस बंदराच्या एका गलबताचं जुनं शीड. बारा वर्षं मी समुद्र गाजवला, खलाशी माझं कौतुक करायचे. मग गलबताला इंजिन बसलं आणि मी गोदामात उंदरांच्या तावडीत सापडलो.

तिथून १९५८ साली मला, रत्नागिरीहून तिथे कामाला आलेल्या इकबाल सुताराने उचललं. त्याची बायको रबिया हिने गावाहून केळीचं पिल्लू आणून अंगणात लावलं होतं. गोडं पाणी दुर्मीळ, म्हणून नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी ती टोपात धरून केळीला घालायची. पण हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की पानं करपायची. इकबाल खोड बुडापासून छाटायचा, केळ पुन्हा पहिल्यापासून वाढायची. मग घड धरणार कुठून? आणि पुढच्या ऑक्टोबरात इकबालचं काम संपून दोघं कायमची गावी निघणार होती. रबियाला घड बघायला हा एकच हिवाळा उरला होता.

म्हणून तिने खोडाभोवती खजुरीच्या झावळ्या लावून वरून मला गुंडाळलं. मी, आणि केळीचं पांघरूण! असा राग आला म्हणून सांगू! तरी वारा मात्र अडवला.

फेब्रुवारीअखेर मला सोडलं, तर पानं काळी ठिक्कर.

"खलास, रबिया! रत्नागिरीत केळीला कुणी पांघरूण घालतं काय?" म्हणत इकबालने कोयता हाणला. घाव निसटता बसला आणि चीक घळाघळा बुडाशी पडलेल्या माझ्या अंगावर वाहिला.

"थांबा, अवो!" रबियाने त्याचा हात धरला. "मेलेल्या खोडाला चीक येतो काय? पानं गेली, खोड जितं आहे!"

कोयता टाकून इकबालने घावावर तळहात दाबून धरला. "या अल्ला, आत्ता मारलीच होती मी हिला."

एप्रिलात नवं पान सुटलं. जूनमध्ये केळफूल लोंबलं, तेव्हा रबिया हसता हसता रडली. मलाही केवढं हायसं वाटलं! सप्टेंबरात दोघांनी घड उतरवला.

निघायच्या दिवशी रबियाने मला उन्हात वाळवून शेजारच्या मुनाफच्या हातात दिलं. "मुनाफभाई, बाजूचं पिल्लू वाढतंय. थंडीत हे बांधा. पानं काळी पडली तरी खोड छाटू नका."

"इन्शाल्ला," मुनाफ म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या अंगणातही काही करपलेलं दिसलं, तर कोयत्याआधी बोट लावून बघा, आत ओल आहे का. आणि आम्हा जुन्या शिडांना ओलं गुंडाळून ठेवून कुजवू नका हो. आम्हाला अजून पुष्कळ हिवाळे काढायचे आहेत.