पात्यावरचा अंगठा

हाताने सुऱ्या घडवणाऱ्या तात्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे लोक होते. एक, ज्यांना पोलाद कळतं ते. आणि दुसरे, फोटो काढणारे. पहिल्या प्रकारात सध्या ते एकटेच उरले होते.

गेल्या वर्षी सुऱ्यांच्या प्रदर्शनासाठी त्यांनी स्वतःच फोटो काढून पाठवले. चकचकीत पातं म्हणजे आरसाच. त्यात ट्यूबलाइट, छताचा पंखा, बनियनमधलं तात्यांचं पोट, सगळं झकास आलं होतं. सुरी तेवढी दिसत नव्हती. निवड समितीचा नकार आला, तेव्हा तात्या म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय!" त्यांच्या जुन्या चेल्याला मात्र तिथे सुऱ्या मांडायला सलग तिसऱ्यांदा टेबल मिळालं. त्याने फोटोतला एक ओरखडा कॉम्प्युटरवर पुसला होता, हे कळल्यापासून तात्या भेटेल त्याला सांगत, "त्याची सुरी टोमॅटोवरून घसरते. चोर आहे, चोर!"

यंदा तात्यांना अडुसष्टावं लागलं होतं आणि हात थरथरायला लागले होते. यंदा पाठवायची सुरी त्यांनी चार महिने खपून घडवली होती. अशी दुसरी आता आपल्याकडून होणे नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्या प्रदर्शनात एकदा तरी आपलं टेबल असावं, एवढीच हौस उरली होती. फोटो पाठवायची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती, म्हणून नाक मुठीत धरून फोटो काढणाऱ्या सुनेला बोलवावं लागलं.

सुनेने उजेड मवाळ करायला कारखान्याच्या खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवला. टेबलावर पांढरा पुठ्ठा उभा केला. मग सुती हातमोजे घालून फडकं उलगडून सुरी पुठ्ठ्यासमोर ठेवली.

"ऑपरेशन आहे का?" तात्यांनी विचारलं.

"बाबा, पात्यासमोर जे असतं तेच फोटोत येतं. तुम्ही जरा मागे व्हा, तुमचा शर्ट दिसतोय."

"माल चांगला असला की ही नाटकं लागत नाहीत."

सुनेने पुठ्ठा दोन बोटं सरकवला, फोटो काढला, पुन्हा सरकवला. साडेचारला तिने लॅपटॉप तात्यांपुढे ठेवला. मुठीच्या लाकडाची रेघन् रेघ दिसत होती, धार तर अशी की बघणाऱ्याने हात मागे घ्यावा. तात्यांना पहिल्यांदाच आपली सुरी दुसऱ्याच्या नजरेने दिसली आणि ऊर भरून आला. तेवढ्यात मुठीजवळ, पात्यावर एक तपकिरी डाग दिसला.

"हे काय? लावलास ना हात! कुठल्याही गिऱ्हाइकाला विचार, चाळीस वर्षं घसा फोडून सांगतोय: घामाचा हात लागला की पुसा, तेल लावा, नाहीतर गंजेल. घरच्यांनाच अक्कल नाही!"

सुनेने मोज्यातले दोन्ही हात वर केले आणि डाग मोठा करून दाखवला. गंजात अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्यामधून एक कोरी तिरपी पट्टी गेली होती.

तात्यांनी आपला अंगठा पाहिला नाही. गरजच नव्हती. शिकाऊ असताना झालेल्या जखमेचा तो व्रण त्यांना पाठ होता. आणि गेला रविवारही आठवला. चेला भेटायला आला होता, तेव्हा नेमका तिथेच अंगठा दाबून ते म्हणाले होते, "बघ, तोंड दिसतंय का तुझं?" मग मोठ्या तोऱ्यात सुरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

डाग घासून पुन्हा तशी झळाळी आणायची म्हणजे दोन दिवसांचं काम. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"फोटोतला पुसता येईल," सून हळूच म्हणाली. "मिनिटाचं काम आहे. पुसू?"

तात्या भिंतीकडे बघत राहिले.

"पूस," ते म्हणाले.

तिने पुसला आणि फोटो पाठवून दिला. मग खिडकीचा कागद काढायला लागली. ती हसली असती, एखादा टोमणा मारला असता, तर तात्यांनाही उलटून चार शब्द सुनावता आले असते. पण तिने फक्त हातमोजे काढले, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि ती घरात गेली.