तेराची त्रिज्या

येर्नेयाच्या नवऱ्याला जाऊन अकरा महिने झाले होते आणि या अकरा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. गावात याची चर्चा झाली नसती तरच नवल. दफनाच्या दिवशी रडली नाही तेव्हा बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला. उन्हाळ्यात रडली नाही तेव्हा म्हणाल्या, खंबीर आहे हो. नोव्हेंबरात सगळं गाव आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जमलं, तेव्हाही ती कोरड्या डोळ्यांनी शेवंतीच्या कुंड्या सारख्या करत बसली. त्यानंतर मात्र बायका काही बोलेनाशा झाल्या, म्हणजे तिच्यासमोर.

तिला विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं की काही होतच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. गोराज्द मार्चमध्ये एका बुधवारी स्कीच्या कारखान्याच्या जेवणघरात सूप पिता पिता गेला. डोक्यातली शीर फुटली. कारखान्यातून फोन आला तेव्हा येर्नेया बटाटे सोलत होती, आणि फोन ठेवल्यावर तिनं उरलेले बटाटे सोलले. याची तिला लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

घरात तिच्याबरोबर सासू होती, पाव्ला. म्हातारी रोज रडायची, मोकळेपणानं, ठरल्या वेळी, सकाळच्या कॉफीनंतर. येर्नेयाच्या स्कीच्या परीक्षेच्या दिवशी तिनं रडणं जरा आधीच उरकून घेतलं होतं.

"खाल्लंस का काही?" पाव्लानं विचारलं.

"खाल्लं, आई."

"काय खाल्लंस?"

येर्नेयाला आठवेना. टेबलावर उष्टी बशी होती, तिच्यात पावाचा चुरा होता. "पाव," ती म्हणाली.

"नीट उतर बाई. आज परवाना गेला तर सोमवारपासून तुझ्या वर्गाची पोरं त्या ल्युब्लियानाहून आलेल्या नव्या मास्तरणीकडे जातील. आणि तू उरलेला हिवाळा इथं माझ्यासमोर बसशील, दगडासारखी. मला नाही सोसायचं ते. एक गेला, दुसरी बसलीय भिंत होऊन."

येर्नेया बावीस वर्षं मुलांना स्की शिकवत होती. दर तीन वर्षांनी परवान्यासाठी उतरून दाखवावं लागे. परवाना म्हणजे सकाळी घराबाहेर पडायचं कारण, आणि तेवढं एकच कारण तिच्याजवळ उरलं होतं, हे म्हातारीला बरोबर कळत होतं. येर्नेयालाही कळत होतं, पण बातम्यांत दुसऱ्या देशातला पूर कळावा तसं.

ती तळघरात गेली. भिंतीला स्कीच्या सहा जोड्या उभ्या होत्या, सगळ्या काळ्या, बिननावाच्या, एकाच लांबीच्या. गोराज्द कारखान्यात चाचणीच्या खोलीत होता, आणि तिथल्या टाकाऊ जोड्या घरी आणायची त्याला खोड होती. नवराबायकोचे बूट एकाच मापाचे, त्यामुळे कुठल्याही जोडीत कुणाचाही पाय बसे. येर्नेयाच्या पायावरून लग्नात झालेली थट्टा गावात अजून चालू होती. प्रत्येक स्कीच्या शेपटीवर त्यानं पांढऱ्या रंगानं आकडा लिहिला होता. आकडा म्हणजे वळणाची त्रिज्या. स्कीला कंबर असते, मधे बारीक, टोकांना रुंद. कडेवर कलली की त्या कमरेचा बाक बर्फावर उतरतो आणि स्की आपली आपण वळते. आकडा लहान तर वळण आवळ, मोठा तर ऐसपैस. तेरा मीटरची तिची, पोरांना शिकवायची, अंगवळणी पडलेली. काल दुपारीच तिनं त्या जोडीच्या कडा घासून ठेवल्या होत्या. जोडी खांद्यावर टाकून ती निघाली.

उतार यंत्रानं विंचरून ठेवलेला होता, अजून एकही रेघ न पडलेला. माणसांना दांडीनं वर ओढणारी लिफ्ट चालवायला चेने बसला होता. त्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"काय मास्तरीणबाई! आज तुमची परीक्षा, आणि चेहरा हा असा सुतकी..." एवढं बोलून तो थांबला. कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, मला तसं नव्हतं..."

"दांडी दे, चेने," येर्नेया म्हणाली. तिला राग आला नव्हता. त्यानं नुसतं हवामान सांगितलं असतं तरी तिला तेवढंच वाटलं असतं.

वर वोय्को उभा होता, हातात कागदाची पाटी. परीक्षक तो. गोराज्दचा शाळेपासूनचा दोस्त, शवपेटीला पुढून डाव्या बाजूला खांदा देणारा. बाकीचे तिघे उमेदवार अजून खाली चहा ढोसत होते. येर्नेयाचं उरकून घ्यावं म्हणून त्यानं तिला मुद्दाम लवकर बोलावलं होतं.

"ऐक," तो आवाज खाली करून म्हणाला, "तू नुसती उतरून ये. मी लिहून टाकतो. यंदा तुला कोण विचारतंय?"

"नको. सगळ्यांसारखंच घे."

"हट्टी ती हट्टीच. बरं. नियम ठाऊकच आहेत. लाल खुंट्यांच्या दोन रांगा, मधे बारा वळणं. खुंटीला धक्का नाही. मागे दोन बारीक रेघा दिसल्या पाहिजेत, घसरल्याचा फराटा हातभराहून लांब दिसला की नापास. संधी दोन."

ती निघाली. तीन सेकंद सरळ, मग डावीकडे कलली, रोज कलते तेवढीच. स्की वळली नाही. म्हणजे वळली, पण आपल्याच तंद्रीत, हाक मारल्यावर दोन पानं वाचून मग उठणाऱ्या माणसासारखी. तोवर डावीकडची रांग अंगावर आली. येर्नेयानं टाचा ढकलून स्की आडव्या फिरवल्या. बर्फ खरवडला गेला. दुसरं वळण तसंच, तिसऱ्याला खुंटी उडाली. ती थांबली आणि उडालेल्या खुंटीकडे पाहत उभी राहिली. नापास झाले, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच्यामागून काहीच आलं नाही.

वोय्को उतरून आला. तिच्याकडे न बघता तो बर्फावर गुडघे टेकून बसला आणि पहिल्या वळणाची रेघ न्याहाळू लागला. मग ती कमान त्यानं पावलांनी मोजली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"येर्नेया, ही तेराची नाही."

"तेराचीच आहे. काल मी स्वतः घासली."

"तेराची स्की अशी कमान टाकत नाही. बर्फ खोटं बोलतो का? उचल बघू पाय."

तिनं स्की काढली, उलटी केली. शेपटीवर पांढऱ्या रंगात 13 होतं. वोय्कोनं हातमोजा काढून आकड्यावर बोट फिरवलं आणि त्याला हसू फुटलं. हसू नये हे कळत असून फुटलं.

"हा 3 नाही गं. हा त्याचा 8 आहे. डावीकडून उघडा ठेवलेला. गाढवाला शेवटपर्यंत 8 बंद करता आला नाही. चाचणीच्या खोलीत यावरून रोज भांडणं. एकदा तर अख्खी खेप चुकीच्या आकड्यानं गेली होती."

येर्नेयानं पाहिलं. खरंच होतं. डाव्या बाजूला दोन्ही पोटं उघडी, पण कडा किंचित आत वळलेल्या. एकोणीस वर्षं ती हा 8 वाचत आली होती. लोणच्याच्या बरण्यांवर, फ्यूजच्या पेटीवर, फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. कधी चुकली नव्हती. काल कडा घासताना कमरेवरून हात फिरला असता तरी तिच्या बोटांनी सांगितलं असतं की ही अठराची. हात फिरला होता. बोटांनी काही सांगितलं नव्हतं.

"खालच्या खोपटात तेराची एक जोडी आहे स्कीशाळेची," वोय्को म्हणाला. "चल, बदलून घे. पहिली फेरी धरतच नाही."

"धर. आणि हीच राहू दे."

"वेड लागलंय का? या रांगांत अठराची बसवायची म्हणजे वेग दीडपट हवा, आणि झुकायचं ते पार कंबर बर्फाला लागेपर्यंत. चाळिशी ओलांडलीस तू. पडलीस तर?"

"तर पडेन."

"असं कसं पडेन? हा काय हट्ट झाला?"

हट्ट नव्हता. खाली जाऊन, जोडी बदलून, पुन्हा वर यायचा तिला कंटाळा आला होता, इतकं साधं होतं ते. निदान त्या क्षणी तिला तरी तसंच वाटलं. वोय्कोनं उडालेली खुंटी पुन्हा रोवली, रांगा शेजारच्या कोऱ्या पट्ट्यावर सरकवल्या, आणि पुटपुटत बाजूला झाला; तोवर ती स्की चढवून तीन वळणांएवढं पुन्हा वर जाऊन उभी राहिली.

या वेळी ती सरळ जात राहिली. तीन सेकंद झाले, चार झाले, वारा कानांत शिरला. मग ती डावीकडे कलली आणि रोजच्या जागी थांबली नाही, आणखी कलली. आधाराला काही नव्हतं. स्कीनं अजून बर्फ धरला नव्हता आणि अंग मात्र पडायला निघालं होतं. या मधल्या जागेत माणसानं काहीच करायचं नसतं, टाचा ढकलायच्या नसतात, फक्त थांबायचं असतं. पोरांना ती हे बावीस वर्षं सांगत होती. तिला भीती वाटली. अगदी खरी. मी पडणार, तिला वाटलं, आणि मला पडायचं नाहीये.

मग कड रुतली. अठराची स्की धनुष्यासारखी वाकली आणि तिला घेऊन वळली, खुंटीपासून वीतभरावरून. श्वास घ्यायला फुरसत नव्हती, उजवी रांग आलीच. पुन्हा तेच, पुन्हा ती रिकामी जागा. चौथ्या वळणाला तिच्या तोंडून आवाज निघाला. सातव्याला ती ओरडत होती, शब्द नव्हते, नुसतं ओरडणं. कंबर बर्फाला घासत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं असेल. बाराव्या वळणातून ती फेकल्यासारखी बाहेर पडली आणि थेट लिफ्टच्या कुंपणापाशी जाऊन थांबली.

वोय्को रेघांच्या कडेकडेनं खाली आला, दर वळणाला वाकून बघत. अर्ध्यातूनच तो ओरडला, "स्वच्छ! सगळी स्वच्छ! फराटा औषधाला नाही!" जवळ येऊन त्यानं पाटीवर सही ठोकली, कागद फाडून तिच्यापुढे धरला. "घे तुझा परवाना. अठराच्या जोडीवर या रांगांतून उतरलेलं मी आजवर कुणाला... अगं, तू थरथरतेयस. थंडी वाजतेय?"

"नाही." तिचे दात वाजत होते. "घाबरले मी."

"आता कशाला घाबरतेस? झालं की."

तिनं कागद घेतला नाही. ती वोय्कोकडे पाहत होती. धावत येऊन कुणालातरी आधी सांगायचं असावं, आणि हाच पहिला भेटलेला माणूस असावा, तशी.

"वोय्को," ती म्हणाली, "गोराज्द गेला रे."

वोय्कोनं कागद खाली केला. आपण शवपेटी उचलली होती, हे तो बोलला नाही. अकरा महिने झाले, हेही बोलला नाही.

"हो गं," तो म्हणाला. "गेला."

ती तिथंच बर्फात बसली, पायांत स्की तशाच, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो वरच्या झाडीपर्यंत गेला. चेनेनं लिफ्ट थांबवली. तिघे उमेदवार अर्ध्या चढावर दांड्या धरून उभे राहिले, आणि कुणीही त्याला लिफ्ट सुरू कर म्हणून ओरडलं नाही.