पत्र्यापाशी बांधलेलं फडकं

वळणावर खणलेल्या चरावर रस्तेवाल्यांनी एक लोखंडी पत्रा टाकून ठेवला होता. चारचाकीवाल्यांना त्याचा नुसता धडाड् आवाज. रस्ता ओला झाला की पाठ जमिनीला टेकायची ती दुचाकीवाल्यांची. म्हणून त्यांनी आपसात एक रीत पाडली होती. जो घसरेल त्याने शेजारच्या कठड्याला फडकं बांधायचं. चष्म्याच्या काचा दुकानोदुकानी पोहोचवणारा भिंगदादा पहिल्यांदा घसरला, तेव्हा त्याने काचा पुसायचं आपलं पिवळं फडकं इमानेइतबारे बांधलं.

पुढे एका सकाळी फडकं दिसलं नाही. फडकं नाही म्हणजे पत्रा गेला, असं धरून हा बहाद्दर तसाच वळला. पत्रा होता तिथेच होता. मोटरसायकल कठड्यावर आदळली, याचा गुडघा सोलला आणि पुढचं चाक वाकलं. गाडी नाही तर काम नाही, हे मालकाने आधीच सांगून ठेवलेलं.

विमा कचेरीतल्या बाईंना त्याने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. खरं बोलणाऱ्याचं कोण काय वाकडं करणार!

"म्हणजे फडकं तुम्हीच बांधलं होतं?"

"हो, कोणी पडू नये म्हणून."

"मग धोका तुम्हाला माहीत होता. माहीत असून गेलात. भरपाई नाही मिळायची."

"अहो, पण त्या दिवशी फडकं नव्हतं ना!"

"शिवाय कठडा वाकलाय. त्याचा खर्च रस्तेवाले तुमच्याकडूनच घेणार."

भिंगदादाचं डोकं गरगरलं. चर त्यांचा, पत्रा त्यांचा, पाठ आपली आणि भुर्दंडही आपल्यालाच? चोर सोडून संन्याशाला सुळी, हे त्याला कळत होतं. पण फडकं बांधलंच नसतं तर आज पैसे मिळाले असते, हे काही केल्या डोक्यात शिरेना.

संध्याकाळी लंगडत घरी जाताना तो वळणावर थांबला. पत्रा ओलाच होता. खिशातलं दुसरं फडकं त्याने बाहेर काढलं, कठड्यापर्यंत नेलं आणि परत मुठीत घेतलं. बांधलं तर पुन्हा आपल्याला माहीत होतं असं होणार. न बांधावं, तर मागून माणसं येतातच आहेत. शेवटी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून फडकं हलवू लागला. एकाने वेग कमी केला आणि जाता जाता शिवीही दिली. हलवणं म्हणजे बांधण्यासारखंच धरतात की काय, या विचाराने त्याचा हात मध्येच खाली यायचा.

तेवढ्यात बायको कामावरून स्कूटरने आली. फडकं पाहून ती हळू झाली, पत्रा सावकाश ओलांडून थांबली.

"हे काय चाललंय? बसा मागे."

त्याने कचेरीतली कथा सांगितली. "आता तूच सांग, बांधू की नको? मला काहीच कळेनासं झालंय."

बायकोने त्याच्या हातातून फडकं ओढलं, कठड्याला करकचून गाठ मारली आणि स्कूटरवर बसली.

"मी अजून पडले नाही," ती म्हणाली. "मला कुठे काय माहीत आहे?"