तीन कुलपांची घरगाडी

मी एक जुनी घरगाडी आहे, आणि माझ्या डाव्या कुशीला एकदा भगदाड पडले होते. मित्रांनो, घरगाडी म्हणजे चाकांवरची खोली. पुढे ट्रकचे इंजिन आणि चालकाची वेगळी केबिन, मागे दोन पलंग, एक शेगडी आणि हातभर ओटा. रस्त्याने जाताना मला पाहून लोक म्हणतात, "काय मजेचं आयुष्य आहे!" दुरून डोंगर साजरे, दुसरे काय? माझे अर्धे आयुष्य मार खाण्यात गेले. ते मी तुम्हाला सांगणार आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखी गाडी घ्यायला निघालाच, तर त्याला उपयोग होईल.

माझा जन्मच ठोकाठोकीतून झाला. एका मालवाहू ट्रकचा हौदा आगीच्या ज्योतीने कापून फेकून दिला आणि त्या जागी माझा सांगाडा जोडला. मग सुतार आला. त्याने माझ्या अंगावर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर पत्रा ठोकला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणून तो हसायचा आणि आणखी एक खिळा मारायचा. देवपण राहू द्या बाजूला, मला तेव्हा फक्त सुटका हवी होती.

शेवटच्या दिवशी त्याने गॅसच्या कपाटाच्या तळाला मुठीएवढे भोक पाडले. धडधाकट तळाला भोक कशाला, म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. सांगाडा जोडणाऱ्या वेल्डरनेही तेच विचारले.

"गॅस गळला तर तो वर जात नाही, खाली उतरतो," सुतार म्हणाला. "त्याला बाहेर पडायला वाट नको का? हे भोक कोणी बुजवलं, तर ही गाडी नाही राहणार. हिचा बॉम्ब होईल."

हे भोक लक्षात ठेवा.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. आठवडाभर तो लोकांचे दात उपटायचा आणि सुट्टीच्या दिवशी माझा गियर. भलता तापट! मी सुरू झाले नाही की चाकाला लाथ, सुरू झाले की समोरच्याला शिव्या. माझी उंची किती आहे, हे त्याने कधी विचारले नाही. एका वळणावर झाडाची जाड फांदी रस्त्यावर वाकली होती. त्याने वेग कमी केला नाही. फांदीने माझ्या छपराची डावी कड उचकटली आणि पलंगाजवळची भिंत वरून खालपर्यंत उकलली. मी किंचाळले. डॉक्टरने खाली उतरून फांदीलाच दोन लाथा घातल्या.

घरगाडीची उंची ठळक अक्षरात चालकाच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवावी, मित्रांनो. फांदी काही आपल्यासाठी मान वर करत नाही.

त्याने ती जखम दुरुस्त केली नाही. पत्रा ठोकून सपाट केला आणि आतून फुलाफुलांचा कागद चिकटवला. पावसाचे पाणी फटीतून आत येत राहिले. फुलांच्या मागे माझे लाकूड कुजत गेले. आपले अंग आतून सडते आहे आणि वरून आपण सुंदर दिसतो आहोत, याची मला फार लाज वाटे.

अशा वेळी कुलूपवाला मला विकत घ्यायला आला. बाजाराच्या तोंडाशी त्याचे किल्ल्या करून देण्याचे दुकान होते. बरोबर बायको, छोटी मुलगी आणि सासूबाई. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

तुम्हाला सांगते, जुनी घरगाडी बघायला जाल तेव्हा आधी वाकून टायर बघा, मग छपराचे कोपरे बघा, मग भिंतीवर अंगठा दाबा. कुलूपवाल्याने यातले काही केले नाही. तो सरळ माझ्या दाराशी गेला, कडी हलवली आणि तोंड वाकडे केले.

"हे दार तर लहान मूलसुद्धा उघडेल," तो म्हणाला.

सासूबाई मात्र आत शिरल्या, पलंगावर बसल्या आणि त्यांनी फुलांवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"जावईबापू, ही भिंत पोकळ आहे हो. बडा घर, पोकळ वासा!"

"आई, भिंतीतून कुणी येत नाही. चोर दारातून येतो."

"तुम्हाला स्वप्नातही चोरच दिसतात," बायको म्हणाली. पण भिंगरी एव्हाना वरच्या फळीवर चढून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. व्यवहार ठरला.

पुढचे काही दिवस माझ्या आठवणीतले सर्वांत वाईट दिवस. कुलूपवाल्याने माझ्या दाराला वर, मध्ये आणि खाली अशी तीन कुलपे बसवली. ड्रिलने भोके पाडताना माझ्या फळ्यांचा भुसा उडत होता आणि तो शीळ घालत होता. खिडक्यांना त्याने लोखंडी गज ठोकले. आतली कडी उपटून टाकली, कारण चोर खिडकीतून हात घालून ती उघडेल! गॅसच्या कपाटाच्या झाकणालाही कुलूप लावले. मग तो माझ्या खाली सरपटत आला आणि त्याला सुताराचे भोक दिसले.

"इथून तर अख्खा हात आत जाईल," तो पुटपुटला आणि त्याने त्यावर पत्र्याचा तुकडा ठोकून टाकला. मला ओरडून सांगायचे होते. पण आम्हा गाड्यांना तोंड नसते, फक्त हॉर्न असतो, आणि तोही दुसऱ्याने दाबल्यावर वाजतो.

पहिल्या प्रवासाला निघालो तेव्हा कोणी भांडी बांधली नव्हती. पहिल्याच गचक्याला कपाटाची दारे उघडली आणि आत युद्ध पेटले. ताटे भिंतीवर आपटली, बरणी फुटली, प्रेशर कुकर उडाला आणि थेट सासूबाईंच्या पायावर येऊन पडला.

"जावईबापू," त्या कळवळून ओरडल्या, "चोर आत शिरला बरं का!"

उतारावर त्याने खालचा गियर टाकला नाही. नुसता ब्रेक दाबत राहिला. माझी चाके तापून धूर ओकू लागली. एका वळणावर मी दगडी कठड्याला घासत गेले, ठिणग्या उडाल्या आणि जेमतेम थांबले. बायकोने भिंगरीला छातीशी गच्च धरले होते. कुलूपवाला घामाने निथळत खाली उतरला आणि त्याने सर्वांत आधी काय तपासले असेल? कुलपे! ती शाबूत होती.

तरीही त्या संध्याकाळी आम्ही एका तळ्याकाठी पोहोचलो आणि मी माझे सगळे घाव विसरले. बायकोने शेगडीवर चहा केला. सासूबाई सुजलेला पाय पाण्यात सोडून बसल्या. भिंगरी माझ्या पायरीवरून उड्या मारत होती, पुन्हा चढत होती, पुन्हा उडी. मी याचसाठी जन्मले होते, असे मला वाटले. ते मला आजही वाटते.

सकाळी कुलूपवाला बादली घेऊन नळावर गेला. जाताना त्याने सवयीने दार ओढले आणि तिन्ही कुलपांना किल्ली फिरवली. आपली माणसे आत सुरक्षित राहावीत, एवढाच त्याचा हेतू होता.

कालच्या हादऱ्यांनी गॅसची रबरी नळी कपाटाच्या कडेवर घासली होती. तिला चीर पडली होती. गॅस पहाटेपासून गळून कपाटात साचत होता आणि तळाची वाट बंद होती. कुलूपवाला गेल्यावर तो, नळी जिथून आत येते त्या फटीतून, आत शिरला आणि माझ्या जमिनीवर साचत गेला. सासूबाई आणि भिंगरी अजून झोपेत होत्या आणि बायकोचे नाक सर्दीने बंद होते. तिला वास आला नाही. तिने काडी ओढली.

एक धमाका झाला. निळी ज्वाळा जमिनीवरून पलंगापर्यंत धावली. वरची फळी सुटून खाली कोसळली, खिडकीच्या काचा गजांतून बाहेर उडाल्या. बायकोची बाही पेटली. सासूबाईंनी झेप घेऊन तिच्यावर घोंगडी टाकली आणि ती विझेपर्यंत दोन्ही हातांनी बडवले. भिंगरीने आजीच्या पाठीमागे तोंड लपवले. दार आणि त्या तिघी यांच्या मध्ये आग उभी होती.

कुलूपवाला बादली टाकून धावत आला. वरचे कुलूप उघडले. मधले उघडले. खालच्या कुलपात त्याने किल्ली इतक्या घाईने पिळली की ती आतच मोडली. गावातले कुठलेही कुलूप डोळे मिटून उघडणारा तो माणूस स्वतःच्या कुलपासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने दाराला लाथा मारल्या, खांदा मारला, डोके आपटले. दार हलेना. ते हलू नये म्हणूनच तर त्याने कुलपे बसवली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसे माझ्या भिंतींपेक्षा माझी कुलपे जड होती.

"भिंगरी!" तो ओरडत होता. "भिंगरी, मी आलोय!"

आतून खोकल्याशिवाय काही ऐकू येईना. आणि मग सासूबाईंचा आवाज आला. एरवी जावयाला अहो-जाहो करणारी ती बाई गरजली, "अरे, दार सोड! पलंगाजवळची भिंत फोड! पोकळ आहे ती, पोकळ!"

त्याने जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि माझ्या डाव्या कुशीत घातला.

मित्रांनो, जन्मभर मी प्रत्येक खिळ्याला विव्हळले, प्रत्येक ओरखड्याला रडले. त्या क्षणी मात्र माझ्या रोमारोमातून एकच हाक निघत होती: मार! आणखी जोरात मार! तो बाहेरून दांडा घालत होता आणि आतून सासूबाई प्रेशर कुकर आपटत होत्या. डॉक्टरचा फुलांचा कागद टरकन फाटला. कुजलेल्या फळ्यांचा भुगा झाला. पत्रा उलगडला, त्याने तो नुसत्या हातांनी धरून सोलला आणि त्याचे तळवे चिरले. भगदाडातून आधी भिंगरी बाहेर आली, मग बायको. सासूबाई मध्येच अडकल्या. पत्र्याने त्यांच्या खांद्याचे सालटे निघाले, पण त्याने काखेत हात घालून त्यांना ओढून काढले आणि दोघेही मातीत पडले.

तळ्यावरचा नावाडी होडीचा नांगर घेऊन धावला. त्याने कपाटाचे कुलूप एका घावात उडवले, हाताला ओले पोते गुंडाळले आणि सिलिंडरची चावी बंद केली. उरलेली आग त्याने वाळूने विझवली.

ज्या सडक्या भिंतीची मला लाज वाटत होती, तिनेच तिघींना वाट दिली. चांगले लाकूड असते, तर ते टिकले असते आणि त्या टिकल्या नसत्या. अर्थात म्हणून कोणी सडकी गाडी घेऊ नये! आमचे नशीब म्हणून ती सड त्या दिवशी कामी आली.

कुलूपवाला रक्ताळलेल्या हातात किल्ल्यांचा जुडगा धरून बसला होता. बायको उठली. तिचा दंड भाजून लाल झाला होता. तिने तो जुडगा त्याच्या हातातून काढून घेतला आणि सारी ताकद लावून तळ्यात भिरकावला. मग सासूबाईंनी काळवंडलेला चेहरा पुसला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाणी आणलं का?"

तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर मी दुकानामागे पडून राहिले. माझ्या भगदाडात मांजरी व्याल्या. येणारीजाणारी पोरे नेम धरून दगड मारत. कोणी विचारपूस केली नाही. एके दिवशी कुलूपवाला करवत घेऊन आला, तेव्हा आपण आता भंगारात जाणार असे मला वाटले. त्याने भगदाडाच्या कडा सरळ कापल्या, कुजके लाकूड सगळे काढले आणि तिथे एक नवे दार बसवले. ते आतून नुसते ढकलले की उघडते. त्याला कुलूप नाही. खिडक्यांचे गज आणि जुन्या दाराची तिन्ही कुलपे त्याने उपटली, गॅसची नळी बदलली आणि माझ्या खाली सरपटत येऊन सुताराचे भोक पुन्हा मोकळे केले. त्या वेळी तो शीळ घालत नव्हता.

आता घरगाडी घेऊ पाहणारे लोक त्याच्याकडे सल्ल्याला येतात. तो त्यांना माझ्यात बसवतो, दोन्ही दारे लावतो आणि बाहेरून म्हणतो, "आत धूर भरलाय असं समजा, डोळे मिटा आणि बाहेर या." जो धडपडतो, त्याला तो हसत नाही. त्याला तो पुन्हा आत बसवतो.

परवा आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी गेलो. भिंगरी आता उंच झाली आहे, पण पायरीवरून अजून उडीच मारते. भांडी बांधलेली होती, उतार खालच्या गियरमध्ये उतरलो. सकाळी कुलूपवाल्याने बादली उचलली. जाताना त्याचा हात सवयीने खिशात गेला आणि तसाच थांबला. मग त्याने माझे दार सताड उघडले आणि वाऱ्याने ते लागू नये म्हणून त्याला एक दगड लावला. आतून सासूबाईंच्या घोरण्याचा आवाज येत होता. तो ऐकत तो क्षणभर उभा राहिला आणि नळाकडे गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीला जपा. तिचे टायर बघा, कोपरे बघा, नळी बघा. पण बाहेरून कोण आत येईल याची काळजी करण्याआधी, आतले माणूस बाहेर कसे येईल ते बघा. आणि तो चोर म्हणाल, तर इतक्या वर्षांत तो एकदाही आलेला नाही.