सुखराम पाटलांचा मुलगा

१९३६ साली वाल्मिक त्रिनिदादहून बापाचं गाव शोधत मुरबाडला आला. तिकडे तो मास्तर होता. उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या आपल्या माणसांवर तो पुस्तक लिहीत होता. पहिलं प्रकरण बापाचं: सुखराम पाटील, सिद्धगडाच्या पायथ्याचा मातब्बर शेतकरी, भावांशी भांडून जहाजावर चढलेला.

बाप वारला होता. त्यानंच शिकवलेल्या मराठीत वाल्मिकनं गावच्या कुंडलिक पाटलांना विचारलं. त्यांनी त्याला मानानं ओटीवर बसवलं होतं.

“सुखराम? आमच्यात असा कोन नव्हता. डावा कान तुटका होता का रे त्याचा?”

“होता. बैलाचं शिंग लागलं होतं.”

“शिंग नाय, कोयता. आमच्या बापाचा.” पाटील सहज बोलले. “तो सुक्या. गावाभायरचा. आमच्या विहिरीत घागर सोडलीन.” मग आवाज बदलून म्हणाले, “ऊठ. खाली उतर.”

वाल्मिक वस्तीवर गेला. सुक्याची बहीण ठकी अजून जिवंत होती. तिनं त्याचा चेहरा चाचपला, पण रडली नाही.

“तो पलाला, नि त्यांनी आमचं खोपट जाळलं. आय त्यातच गेली. तुझ्या बापाला ठावं तरी होतं का?”

“नव्हतं, आत्या. मी हे सगळं लिहीन.”

“लिव. त्याचं नाव नि जात, दोनी खरी लिव.”

तिच्या पायांवर हात ठेवून तो हो म्हणाला.

परतल्यावर त्यानं कितीदा तरी लेखणी उचलली. पण शाळेत तो पाटील होता, सासरी पाटील होता, लेकीचं लग्न त्याच नावावर ठरत होतं. १९४१ साली पुस्तक छापून आलं. पहिल्या प्रकरणातली एक ओळही बदलली नव्हती.

लोकांनी सत्कार केला. अखेर आपला इतिहास कुणीतरी लिहिला, असं जो तो म्हणाला. गर्दी पांगल्यावर मळ्यातली एक म्हातारी पुढे आली. नातवानं तिला पुस्तक वाचून दाखवलं होतं.

“तुमचे वडील मोठ्या घरचे,” ती म्हणाली, “म्हणून लिहिता आलं. आमची जात हलकी. आमचं कोण लिहिणार?”

वाल्मिकनं तिला हात जोडले आणि बाहेर वाट बघणाऱ्या व्याह्यांकडे निघून गेला.